फोटोत सडा कुठे आहे?

प्रिय मुली,

आठ दिवसांत तू मला अकरा फोटो पाठवलेस. अकराही दीपकाडीचे, तुमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या त्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात येणाऱ्या फुलाचे. पांढरीशुभ्र फुलं, पाकळीच्या टोकाला अडकलेला थेंब, मागचं सगळं धूसर. बारावा संदेश मात्र नुसत्या अक्षरांचा होता : "बाई, दिवाळीनंतर काका सडा फोडून आंब्याची कलमं लावणार आहेत. फूल वाचवायचंय, पण घरात भांडण नकोय. काय करू?"

तो वाचला आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. चष्मा पुसून, बोटांनी मोठं करून पाहिलं. फूल छानच टिपलंयस. पण त्याच्या बुडाशी खळगा केवढा, त्यात माती किती, पाणी कुठून येतं नि कुठे जातं, शेजारी कोण उगवलंय, यातलं काही दिसेना. अकरा फोटोंत मिळून हातभर कातळ नाही.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्यावर रागावले होते की स्वतःवर, ते पहाटेपर्यंत ठरलं नाही. व्हॉट्सॲपवर हे मावणारं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

कंद काढून कॉलेजच्या बागेत लावू का, असं विचारलंयस. नको. कारण पुढे सांगते, आणि ते सांगताना माझंच एक जुनं पाप सांगावं लागेल. पण आत्ता एवढंच धरून ठेव : तू फुलाला धरून बसली आहेस. फूल सोड, सडा धर. या पत्रात हेच पुन्हा पुन्हा येईल. तुला कंटाळा आला तरी येईल.

तुझ्या काकांच्या डोळ्यांनी एकदा सडा बघ. आठ महिने काळा तापलेला कातळ, अनवाणी पाय ठेवता येत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा. सरकारच्या नकाशात खडकाळ पडीक. त्यांच्या वडिलांनी त्यावर गुरं चारली, गवत कापलं, पावसाळ्यात मातीच्या पट्टीवर चार मुठी भात केलं, आणि मुलांना सांगितलं की याचं काही होणार नाही, मुंबई गाठा. आता तोच कातळ कलमं देईल असं कुणी म्हटलं, तर त्या माणसाचे डोळे चमकणारच. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबागेची शंभर टक्के अनुदानाची योजना आली. त्यानंतर कॉम्प्रेसरचे ट्रॅक्टर सड्यावर चढले, सुरुंगांनी खड्डे झाले, खालून माती वाहून वर भरली गेली. आज रत्नागिरीचा हापूस म्हणून जो दिमाखात विकला जातो, त्यातला कितीतरी अशा फोडलेल्या कातळावरचा आहे. काकांना खलनायक ठरवून तू या घरात एक दिवससुद्धा पुढे जाणार नाहीस. ते पडीक जागेवर झाडं लावतायत. आपल्याला शाळेत हेच पुण्य म्हणून शिकवलंय ना?

पडीक हा शब्दच चुकीचा आहे, हे मात्र तुला त्यांना दाखवून द्यावं लागेल. मलाही ते कळायला चाळिशी उलटली.

बघ, आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो सगळा या उघड्या कातळावर आदळतो. काही वरून वाहून जातो, पण बाकीचा आत मुरतो. जांभा सच्छिद्र. पाणी झिरपत झिरपत खाली शेडीच्या, म्हणजे चिकणमातीच्या थरापर्यंत जातं. शेडी पाणी सहज खाली सोडत नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि सड्याच्या उतारावर झऱ्यासारखं बाहेर येतं. वाडी नेहमी सड्याच्या पायथ्याशी का वसली? ओढा-व्हाळ तिथेच का सुरू होतो? तुमची विहीर सड्यावर भरते, मुली. विहिरीचं पाणी ज्याच्या भरवशावर चालतं, त्याला आपण पोटखराबा म्हणतो.

वर काय चालतं ते तू पाहिलंसच, पण तुकड्यातुकड्याने. मिरगाच्या सरी पडल्या की कातळाच्या खळग्यांत जी बोटभर माती असते, तिच्यातून आधी कंदवाले डोकं काढतात. त्यांना घाई असते. त्यांचं अन्न गेल्या वर्षीचं साठवलेलं असतं, म्हणून बाकीचे बियांतून उठायच्या आत ते फुलून मोकळे होतात. दीपकाडी त्यातली. श्रावणात गवतं माजतात. भाद्रपदात सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, गेंदाचे पांढरे मणी उभे राहतात, दवबिंदू नावाच्या रोपट्यावर चिलटं चिकटलेली दिसतात. दवबिंदू आणि सीतेची आसवं कीटक का खातात, ते तुला परीक्षेत आलं होतं. मातीत नत्र-स्फुरद नावापुरतं. त्यांचं सगळं जगणं या गरिबीवर बेतलेलं आहे. त्यात बाहेरची काळी माती आणून टाक, खताची गोणी फोड, की पहिल्याच वर्षी दांडगं गवत येतं आणि ही सगळी मंडळी गुदमरतात. सुरुंग खड्ड्यापुरता असतो. आणून भरलेल्या मातीचं आणि खताचं पाणी मात्र उताराने सगळ्या सड्यावर फिरतं. पन्नास खड्डे खणले आणि मधली जागा सोडली म्हणून सडा राहिला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आणि दगडाखाली काय राहतं, तेही बघ. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर एक छोटी पाल आहे, अंगावर पांढरे पट्टे असलेली, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. १९६३ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. सुट्या दगडांखाली तिचं घर. बागेसाठी जागा साफ करताना पहिल्यांदा काय करतात? सुटे दगड उचलून गडगा घालतात. तुझ्या फोटोत ती नाही. कशी असेल? तू फुलाच्या पुढ्यात पोटावर पडली होतीस, आणि ती तुझ्या कोपराखालच्या दगडाखाली असेल.

पुरे, रागावत नाही. तुझ्या वयात मीही तशीच पोटावर पडायचे.

आता ते पाप. माझ्या माहेरी सडा होता. वडिलांच्या मागे तो दादाकडे आला. १९८८ च्या जुलैमध्ये मी तिथे दीपकाडी पाहिली. त्या वेळी तिच्या नोंदी अगदी मोजक्या जागांच्या होत्या. १८५० च्या सुमारास डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, पुढे बेकर या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजचं नाव दिलं, आणि नंतर कितीतरी वर्षं ती फारशी कुणाला भेटली नव्हती. मी तर हवेत होते. एक रोप दाबून वाळवलं, कागदावर चिकटवलं, खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : खडकाळ जागी, विरळ. गावाचं नाव, तारीख, माझी सही. आणि निघून आले. मुली, चार वर्षं मी तिकडे फिरकले नाही. मुलं लहान होती, पेपर तपासायचे होते, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. ही कारणं खरी होती. तरी पावसाळ्यातला एक दिवस काढता आला नसता, असं मी आज म्हणू शकत नाही.

पाचव्या वर्षी वहिनीचा फोन आला की सुरुंगवाला जागा बघून गेला, कलमं आलीसुद्धा. मी एसटीने गेले. रात्री जेवणं झाल्यावर दादा मला कौतुकाने आराखडा दाखवत होता, किती कलमं, किती वर्षांनी धरतील. मी काही बोलले नाही. माहेर तुटेल याची भीती वाटली. सकाळी कुणी उठायच्या आत टिकाव घेऊन वर गेले, बावीस कंद काढले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत घालून घेऊन आले. वहिनीला वाटलं, कसली तरी मुळी औषधाला नेली.

कुंड्यांत लावले. चांगली माती, शेणखत, सावली. मूर्ख बाई मी! वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि सड्यावरच्या कंदाला शेणखत घालत होते. पहिल्या पावसाळ्यात सात फुलले. कॉलेजमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवले, पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या वर्षी नुसती पानं. तिसऱ्या वर्षी उकरून पाहिले तर निम्मे कुजलेले. मग माती बदलली, जांभ्याचा चुरा घातला, उन्हाळ्यात पाणी तोडलं, आणि तेव्हा उरलेले थोडे तगले. पण कितीही केलं तरी कुंडी ती कुंडीच. त्यात सीतेची आसवं आली नाहीत, दगडाखाली पाल आली नाही, त्या फुलाकडे रात्री-पहाटे कोण येत असेल तेही आलं नसावं, कारण बी धरलेलं मी कधी पाहिलं नाही. शेवटची कुंडी बारा वर्षांनी रिकामी झाली.

तू विचारशील, मग बाई, तुम्ही तरी कंद का काढलेत? कारण सुरुंग दुसऱ्या दिवशी होता. मी ते काढले नसते तर बावीसच्या बावीस दगडांबरोबर उडाले असते. यावर पुढे मला एका परिसंवादात सगळ्यांसमोर झापलं गेलं, की जंगली कंद उपटणारी ही कसली अभ्यासक. तेव्हा मी गप्प बसले, पण तुला सांगते, त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. दिवस तसा होता. आदल्या चार वर्षांत मात्र मार्ग होते. गणपतीत सगळे जमायचे, तेव्हा दादाशी बोलता आलं असतं. वडील असताना बोलता आलं असतं. मी फुलाचा कागद केला आणि सड्याबद्दल एक शब्द बोलले नाही. माझ्याकडे त्या फुलाचं सगळं होतं. त्याच्या सड्याचा नकाशासुद्धा नव्हता.

म्हणून म्हणते, फूल सोड, सडा धर. तुला अजून दिवाळीपर्यंत वेळ आहे. मला एक रात्र होती.

एकट्या फुलाला वाचवायला गेलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण तुला माहीत आहे. शिंदळ माकुडी. तीही डाल्झेलनेच शास्त्रात आणली, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. पावसात पानं, उन्हाळ्यात नुसते मांसल दांडे, आणि कड्याला चिकटलेलं ते तांबूस चांदणीसारखं फूल. शिवनेरीच्या कड्यावरची म्हणून आपल्याला तिचा अभिमान. फांदी तोडून लावली तरी ती जगते. त्यामुळे जगभरच्या शौकिनांच्या कुंड्यांत ती आज आहे. मग वाचली का? कुंड्यांचा हिशेब केला तर मजेत आहे. आणि सह्याद्रीत बघायचं तर काही मोजक्या कड्यांपुरती उरली आहे, तिथे दरड कोसळली किंवा वणवा लागला तर कुंडीतली मंडळी धावून येणार नाहीत. तिची रोपं वाढवणाऱ्यांचं काम मी हलकं लेखत नाही. पुन्हा कड्यावर लावायला रोपं लागतातच. पण लावायला कडा असावा लागतो.

आता दुर्मीळ या शब्दाबद्दल. तुझ्या प्रत्येक संदेशात तो आहे, आणि मला त्याची भीती वाटते. दीपकाडी एकेकाळी फार थोड्या जागी माहीत होती. मग माणसं पावसात सडे हिंडू लागली आणि ती दक्षिण रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, गोव्यात अनेक ठिकाणी मिळाली. आनंदाचीच गोष्ट. पण तू काकांना फक्त "दुर्मीळ आहे" म्हणून थांबवलंस आणि उद्या त्यांनी पेपरात वाचलं की हे फूल गोव्यातसुद्धा आहे, तर ते विचारतील, मग आमच्याच जमिनीवर कशाला? तुझ्याकडे उत्तर नसेल. सड्याबद्दल बोललीस तर उत्तर आहे. गोव्याच्या सड्याने तुमची विहीर भरत नाही.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकू का, असंही तू विचारलंयस. माझं स्पष्ट मत आहे : टाकू नकोस. जागेची पिन तर अजिबात नको. कासचा सडाही जांभ्याचाच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांतल्या आपल्या राज्यातल्या चारांपैकी तो एक. त्याआधीच फोटो पसरले होते, लोक गाड्या घेऊन फुलांत उतरत होते, तुडवातुडव झाली आणि शेवटी प्रवेशाला मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं. कुंपण घातलं, तर गुरं बाहेर राहिली, आणि गुरांवाचून गवत माजून छोटी फुलं दबतात असं म्हणणारे अभ्यासक पुढे आले. एवढं सगळं होऊनही कासला वनखातं आहे, आसपासच्या गावांची समिती आहे. तुमच्या सड्याला कोण आहे? तू आणि तुझा मोबाइल. शनिवार-रविवारी पन्नास माणसं फुलाजवळ पोटावर पडली तर काकांना सुरुंगाचा खर्चसुद्धा येणार नाही.

त्यातून दबाव येईल, असं तू लिहिलंयस. येईल की. काकांवर येईल. पुतणीने गावभर आपली जमीन दाखवली, हे त्यांच्या जिव्हारी लागेल, आणि मग कलमं हा त्यांच्या मानाचा प्रश्न होईल. मी अशी दोन घरं पाहिलीत.

मग करायचं काय? आधी उभी राहा. पोटावरून ऊठ. पाऊस थोडा उघडला की गुरं घेऊन जो कुणी जातो त्याच्याबरोबर सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाल. त्याला विचार, पाणी कुठे साठतं, कुठल्या डबक्यात सगळ्यात शेवटी आटतं, म्हशी कुठे बसतात, कुठल्या भागात गवत लांब येतं. वहीत हाताने नकाशा काढ. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र आहेच, पण हाताने काढलेलाच काकांसमोर उलगडता येतो. दीपकाडी सगळ्या सड्यावर सारखी नसणार. ठरावीक खळग्यांत असेल, बहुधा एका बाजूला. कुठे आहे तेही लिही आणि कुठे नाही तेही लिही. नाही तेच जास्त कामाचं ठरेल.

कारण काकांकडे तू "लावू नका" म्हणत गेलीस तर दार बंद. "कुठे लावायची" यावर बोलायला गेलीस तर ते खुर्ची देतील. तुमच्या सड्याला उतार असणार, उतारावर थोडी तरी माती असणार, आणि कातळात सुरुंग लावून माती वाहण्यापेक्षा तिथे कलम लावणं स्वस्त. कातळावरच्या कलमाला फेब्रुवारीपासून पाणी कुठून आणायचं, हे त्यांना विचार. टँकरचा हिशेब त्यांचा त्यांनाच करू दे. फुलकिडे आणि अवकाळी पाऊस यांनी हापूसवाल्यांची गेली काही वर्षं काय दशा केली आहे, ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू त्यांना बागायत शिकवायला जाऊ नकोस. तू फक्त नकाशा पुढे ठेव आणि म्हण, काका, हा एवढा पट्टा राहू दे.

एक गोष्ट हळू आवाजात सांगते. कोकणात सडा एकाच्या नावावर असणं कठीण. तुमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांचीसुद्धा नावं असतील, मुंबईतले चुलते असतील. अनुदान घ्यायचं तर संमतीच्या सह्या लागतात. हे माहीत असू दे. पण हत्यार म्हणून काढू नकोस. सह्या अडवून वाचवलेला सडा पुढच्या पिढीत वाटणीच्या भांडणात फुटतो, आणि मग जांभ्याचे चिरे काढणारा चिरेखाणवाला दोघांकडूनही घेतो. गणपतीत सगळे घरी येतील. आरती झाल्यावर सगळे ओटीवर बसतात ना, तेव्हा नकाशा काढ. मी जे केलं नाही ते तू करावंस, एवढाच माझा स्वार्थ आहे, आणि तो मी लपवत नाही.

सरकारी वाट हवी असेल तर तीही याच सड्यावरून जाते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत जा आणि नोंदवही मागून बघ. मी ज्या बघितल्या त्यांत आंबा, फणस, काजू, औषधी झाडं भरलेली होती आणि सड्याचं पान कोरं होतं. ते पान तू भर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एवढासा मासा मिळाला, आणि २०२१ मध्ये जैवविविधता वारसा म्हणून काय जाहीर झालं? ती जागा. दोडामार्गातल्या बांबर्डे इथली मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळांची दलदलसुद्धा जागा म्हणूनच वाचवली गेली. कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते आम्हा वनस्पतीवाल्यांना कळायला उशीर झाला.

आणि सडा धरलास की तुला सोबती मिळतात, फुलाला धरलंस की एकटी पडतेस. याच कातळावर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं गावोगाव हिंडली, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत राहिली, म्हणून ती उजेडात आली. आज कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे यांची नावं २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ज्या हत्तीच्या, माशाच्या रेषा हजारो वर्षांपूर्वी कुणी कोरल्या, त्याच रेषांच्या खाचेत पावसाळ्यात माती धरते आणि गेंद उगवतो. हे मी स्वतः पाहिलंय. तुमच्या सड्यावर शिल्प असेल असं मी म्हणत नाही. पण चालताना पायाखाली बघ.

पुण्याच्या नोकरीचं तू शेवटी, घाबरत घाबरत लिहिलंयस, जणू मी रागावेन. घे ती नोकरी. मला सड्यावर झोपडी बांधून राहणारी शिष्या नकोय. सड्याला वर्षातले चार दिवस लागतात : मिरगानंतर एक, श्रावणात एक, गणपतीत एक, आणि दिवाळीनंतर सगळं तपकिरी झाल्यावर एक. तो चौथा दिवस कुणी जात नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. तेव्हा वर काही नसतं, सगळं खाली असतं, आणि सुरुंगवाले तेव्हाच येतात. आणखी एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. महिन्याचा पगार हातात असलेली पुतणी ओटीवर बोलते तेव्हा घर वेगळं ऐकतं. मी कमावत होते आणि तरी बोलले नाही, हे माझं.

माहेरचा सडा गेल्यावर मला अक्कल आली असं समजू नकोस, बरीच वर्षं नुसता सल होता. नंतर सासरच्या बाजूच्या एका आजीच्या सड्यावर दीपकाडी मिळाली. या वेळी मी तिला फूल दाखवलंच नाही. तीन वर्षं नुसती तिच्याकडे जात राहिले. तिच्या गुरांबद्दल, गवताच्या भाऱ्यांबद्दल, तिच्या परड्यातल्या विहिरीबद्दल बोलत राहिले. चौथ्या वर्षी तिच्या मुलाने कलमांची गोष्ट काढली तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, वरचा दोन एकर सोड, तिथलं पाणी खाली येतं. तेव्हापासून मी दर जुलैला मोजायला जाते. एका वर्षी एकशे चाळीस फुलं, पुढच्या वर्षी साठ, मग पुन्हा शंभराच्या वर. पहिल्यांदा साठ झाली तेव्हा रडकुंडीला आले. मग कळलं की कंद दरवर्षी फुललाच पाहिजे असं नाही, एका वर्षाच्या मोजणीवरून काही ठरवू नये. तू मोजलेली दोनशे फुलंही एका वर्षाची आहेत, लक्षात ठेव. आजी आता नाही. तिचा नातू चिरेखाणवाल्याशी बोलतोय असं कानावर आहे. म्हणजे मी जिंकले वगैरे नाही. पण जोवर तो सडा आहे तोवर बोलायला काहीतरी आहे. दादाच्या बागेत मी काय बोलू?

दादावर माझा राग नाही. त्याची कलमं चांगली झाली, पेटी दरवर्षी येते, मी खाते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याच्या विहिरीचा तळ दिसला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "तू तेव्हा काही बोलली नाहीस." त्याने सहज म्हटलं असेल. मी मात्र ते वाक्य रोज ऐकते.

तर आता असं कर. या रविवारी नकाशाला सुरुवात कर. सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून ठेव. आणि काकांकडे जायच्या आधी काकूंकडे जा, एकटी, दुपारच्या वेळी. त्यांना विचार की विहीर कुठल्या महिन्यात खाली जाते, आणि त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कुठल्या महिन्यात जायची. पाणी ओढणारीला ते नेमकं माहीत असतं. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि मला कळव.

गणपतीत मीही येईन, तू बोलावलंस तर. सडा चढायला आता गुडघे साथ देत नाहीत, पण तुमच्या खळ्यापर्यंत रिक्षा येते असं तू म्हणाली होतीस. काकूंना सांग, जेवायला थांबेन.

तुझी,
बाई